निकाल शंभर टक्के, गुण साठ

आमच्या सिनेमावेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शुक्रवारी रात्री एक वाद ठरलेला असतो. कुणीतरी टाकतं, "टोमॅटोवर 93 आहे आणि आयएमडीबीवर फक्त 6.4. समीक्षकांनी पैसे खाल्लेत, दुसरं काय!" (टोमॅटो म्हणजे रॉटन टोमॅटोज, समीक्षकांची परीक्षणं गोळा करणारी साइट; आयएमडीबी म्हणजे जिथे प्रेक्षक सिनेमांना गुण देतात ती साइट.) मग समीक्षक विरुद्ध सामान्य प्रेक्षक असं महाभारत रात्री दीडपर्यंत चालतं. पैसे कोणी खाल्ले असतील-नसतील, पण हे दोन आकडे पाहून तसं म्हणता येत नाही. कारण ते एकाच गोष्टीचे आकडेच नाहीत. दर वेळी टाइप करून बोटं दुखली, म्हणून आता एकदाच लिहून ठेवतोय. पुढच्या शुक्रवारी हेच चिकटवीन.

आयएमडीबी तुम्हाला पाठ आहे, त्यामुळे तिथे रेंगाळत नाही. लोक 1 ते 10 मध्ये मत देतात, त्याची सरासरी निघते. ती सरळ बेरीज-भागाकाराची नसते, संशयास्पद मतांचं वजन कमी केलं जातं आणि नेमकं कसं, ते सांगत नाहीत. पुढे जाऊ.

रॉटन टोमॅटोज ही साइट 1998 साली सुरू झाली, आणि तिथला तो मोठा टक्का म्हणजे सिनेमाचे गुण नव्हेत. घोळ सगळा इथे आहे. प्रत्येक समीक्षकाच्या परीक्षणाला एकच प्रश्न विचारला जातो: आवडला की नाही? 'आवडला' म्हणणारे शंभरात किती, तो हा टक्का. 60 किंवा जास्त असेल तर लाल टोमॅटो, त्याखाली हिरवा चिखल. किती आवडला, हे त्या टक्क्यात कुठेच येत नाही.

दहावीचा निकाल आठवा. "आमच्या शाळेचा निकाल शंभर टक्के" असा फलक गेटवर लागतो, तेव्हा सगळ्या पोरांना शंभरपैकी शंभर पडले असं कुणी समजतं का? सगळी पास झाली, एवढंच. त्यात काठावरचे पस्तीसवालेही आले. टोमॅटोचा टक्का म्हणजे शाळेचा निकाल, आणि आयएमडीबीचा आकडा म्हणजे वर्गाची सरासरी. शाळेचा फलक वाचताना आपण चुकत नाही. मग सिनेमाच्या बाबतीतच अक्कल कुठे गहाण पडते?

आकडे मांडूनच बघू. दहा समीक्षक आहेत असं धरा. पहिल्या सिनेमाला दहाही जण 6 देतात: ठीक आहे, बघायला हरकत नाही, घरी आल्यावर विसरून जाल. दहाही परीक्षणं अनुकूल, म्हणून टोमॅटो 100 टक्के, सरासरी 6. दुसऱ्या सिनेमाला सात जण 9 देतात आणि तिघं वैतागून 4. टोमॅटो 70 टक्के, सरासरी 7.5. फक्त टक्का बघणारा माणूस पहिल्याचं तिकीट काढणार. मी डोळे मिटून दुसऱ्याचं काढीन. ज्याच्यावरून तिघं चिडलेत आणि सात जण वेडे झालेत, त्या सिनेमात काहीतरी नक्की घडलेलं असतं.

टक्का किती तकलादू असतो त्याचा एक मासला. 1941 चा 'सिटिझन केन' हा नावाजलेला अमेरिकन सिनेमा टोमॅटोवर कित्येक वर्षं 100 टक्के होता. 2021 मध्ये 'शिकागो ट्रिब्यून' या वृत्तपत्रातलं 1941 सालचंच एक नापसंतीचं परीक्षण यादीत घेतलं गेलं आणि टक्का 99 झाला. जगभर बातम्या झाल्या. ऐंशी वर्षांपूर्वीचं एक कात्रण सापडलं म्हणून सिनेमा एका रात्रीत बिघडला का? शंभराहून अधिक परीक्षणांत एक 'नाही' वाढलं, इतकंच.

आणि तिथे तर शंभराहून अधिक होती. मराठी सिनेमाच्या वाट्याला तिथे मोजकीच परीक्षणं येतात. सहापैकी पाच जणांना आवडला तर 83 टक्के, त्या पाचांतल्या एकाचं पोट बिघडलं की थेट 67. तरीही लोक "सोळा टक्क्यांनी घसरला" म्हणून हळहळतात.

बरं, सरासरी टोमॅटोवर नसतेच असंही नाही. टक्क्यावर टिचकी मारून आत गेलात तर मिळते, पण तेवढे कष्ट कोण घेणार? प्रेक्षकांचा वेगळा टक्काही आहे, हल्ली त्याला पॉपकॉर्नमीटर म्हणतात. तिथे पाचपैकी साडेतीन तारे किंवा जास्त दिले तरच 'आवडला' धरतात. म्हणजे तुम्ही प्रेमाने तीन तारे दिलेत तर ते मत विरोधात मोजलं जातं. (आपल्याकडच्या परीक्षणांतले ते सरसकट साडेतीन तारे मात्र तिथे बरोब्बर पास होतील. कुणालाच दुखवायचं नसलं की साडेतीन, हा आपला जुना रिवाज.) समीक्षकांची सरासरीच हवी असेल तर मेटाक्रिटिक ही साइट बघा, तिथे शंभरपैकी खरोखरचे गुण असतात.

मी स्वतः टक्का एकाच कामाला वापरतो. रविवारी आई-बाबा, सासूबाई आणि आठ वर्षांचा पोरगा असं वऱ्हाड घेऊन जायचं असलं, की 90च्या वरचा टोमॅटो शोधतो. कुणी रुसणार नाही याची ती बऱ्यापैकी हमी. एकट्याने रात्रीचा शो बघायचा असेल तेव्हा टक्क्याकडे ढुंकूनही पाहत नाही. आयएमडीबीवर मतांची विभागणी दाखवणारा आलेख असतो, तो उघडतो. 7 आणि 8 वर फुगवटा असेल तर निवांत जातो. 10 वर एक मनोरा, 1 वर दुसरा आणि मध्ये वाळवंट असं दिसलं, की तिथे भांडण सिनेमाबाहेरचं आहे हे ओळखून तो आकडा सोडून देतो. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दहापैकी दहा देणाऱ्या फॅन मंडळींबद्दल लिहायला घेतलं तर दुसरा लेख होईल.

एक मात्र करा. ग्रुपवर टोमॅटोचा स्क्रीनशॉट टाकताना त्याखालचा परीक्षणांचा आकडा कापू नका. आणि "टोमॅटोने 93 मार्क दिले" असं लिहिलंत, तर मी पुन्हा ही लिंक टाकणार.