मूल बुटकं, आई स्थूल: कुपोषण एकाच घरातलं

मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात पोषणाची पाहणी करणाऱ्यांना एक जोडी वारंवार भेटते: वयाच्या मानाने बुटकं मूल आणि अतिवजन असलेली त्याची आई. चूल एक, स्वयंपाक एक. वरवर पाहता एकाला कमी पडतंय आणि दुसऱ्याला जास्त होतंय. पण रक्त तपासलं तर बऱ्याचदा दोघांतही लोह कमी निघतं.

कुपोषण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बरगड्या मोजता येतील असं मूल येतं. तशी मुलं आजही आहेत. २०२२ मध्ये जगात पाच वर्षांखालची सुमारे साडेचार कोटी मुलं कृश होती. मात्र उंची खुंटलेल्यांचा आकडा त्याच्या तिपटीहून जास्त, म्हणजे १४ कोटी ८० लाखांच्या घरात होता, आणि ३ कोटी ७० लाख मुलं अतिवजनाची होती. गावातली बहुतेक मुलं सारखीच बुटकी असली की खुंटलेली उंची कुणाच्या नजरेत येत नाही. ‘आमच्याकडे सगळे असेच’ म्हणून विषय संपतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली हा युक्तिवाद जवळजवळ निकालात काढला. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या साडेआठ हजार मुलांच्या नोंदींतून दिसलं की नीट पोषण, स्तनपान आणि आरोग्यसेवा मिळाली, तर पाच वर्षांपर्यंत सगळीकडची मुलं जवळपास सारखीच वाढतात.

मग अन्न पोहोचूनही उंची का खुंटते? बाळाच्या पोटाचा हिशोब मांडला की उलगडतं. बाळाच्या जठरात एका वेळी किलोमागे साधारण तीस ग्रॅम अन्न मावतं. आठ किलोच्या बाळाचं पोट पाव लिटरमध्ये भरलं! सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाव्यतिरिक्त दिवसाला जेमतेम २०० कॅलरी लागतात. जन्मताना सोबत आणलेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत आलेला असतो आणि आईच्या दुधात लोह अगदी थोडं. तेव्हा त्या काही घासांनी जवळपास सगळं लोह आणायचं, शिवाय जस्तही. पातळ पेजेला ते जमत नाही, बिस्किटाला तर नाहीच.

बिस्किटाचं नाव उगाच घेतलेलं नाही. काठमांडू खोऱ्यातल्या एक ते दोन वर्षांच्या मुलांच्या आहाराची मोजणी झाली, तेव्हा आईचं दूध सोडून मिळणाऱ्या ऊर्जेतला सुमारे चौथा हिस्सा बिस्किटं, चिप्स, गोड पेयं अशा पदार्थांतून येत होता. हे पदार्थ जास्त खाणाऱ्या मुलांच्या आहारात लोहासारखी पोषकद्रव्यं कमी होती आणि त्यांची उंचीही कमी भरली. मूल रडायचं थांबतं, पोट भरतं, पण घासांची जागा वाया जाते.

आईही त्याच पाकिटातलं खाते, पण तिची उंची वाढायचं वय कधीच मागे पडलेलं असतं. तेल आणि साखर स्वस्त झाली, पाणी नळाने आलं, चालणं कमी झालं. बॅरी पॉपकिन या अमेरिकी संशोधकाने या सगळ्या बदलाला १९९० च्या दशकात ‘पोषण संक्रमण’ म्हटलं. आईच्या शरीरात वरची ऊर्जा चरबी होऊन साठते. त्या चरबीमुळे अंगात मंद दाह राहतो, त्याने यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त तयार करतं आणि हे हेप्सिडिन आतड्यातून लोह शोषलं जाणं रोखतं. अशी बाई जाड दिसते म्हणून तिला ‘खातीपिती’ समजलं जातं. ती गरोदर राहते तेव्हा पोटातल्या बाळाचा लोहाचा साठा या तुटपुंज्या शिलकीतूनच भरायचा असतो.

अतिसार आणि घाण पाणी वाढीला मारक, हे जुनं ज्ञान. म्हणून बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेत शौचालयं आणि हात धुण्याच्या सोयी देऊन मोठ्या चाचण्या झाल्या. निष्कर्ष आले २०१८-१९ च्या सुमारास: एवढ्याने मुलांच्या उंचीत फरक पडला नाही. पूरक आहाराने पडला, तोही थोडाच. शौचालयं नकोत असा याचा अर्थ अजिबात नाही, पण एका उपायावर भिस्त ठेवणाऱ्यांचा हिरमोड झाला हे खरं. ब्राझीलमध्ये उंची खुंटलेल्या मुलांचं प्रमाण १९७० च्या दशकातल्या ३७ टक्क्यांवरून २००७ पर्यंत ७ टक्क्यांवर आलं, ते आयांचं शिक्षण, गरिबांचं उत्पन्न, दवाखाने आणि पाणी या सगळ्यांच्या जोरावर.

वेळेचं महत्त्व दाखवणारा प्रयोग पुन्हा ग्वाटेमालातलाच. १९६९ ते १९७७ या काळात चार गावांत रोज दोनदा पेय वाटलं जाई: दोन गावांत प्रथिनयुक्त ‘अतोले’, दोन गावांत प्रथिनं नसलेलं गोड ‘फ्रेस्को’. अतोले पिणारी मुलं उंच झाली, पण तीन वर्षांच्या आतलीच. त्यापुढे उंचीवर परिणाम नाही. जन्मापासून दोन वर्षांपर्यंत अतोले मिळालेल्या मुलग्यांची मोठेपणी ताशी कमाई ४६ टक्के जास्त निघाली. चाळिशीच्या आसपास पुन्हा तपासलं तेव्हा आयुष्याच्या सुरुवातीला अतोले मिळालेल्यांत मधुमेह कमी होता, लठ्ठपणा मात्र जास्त. दरम्यान तिथलं खाणंपिणं आणि राहणीही पार बदलली होती.

तरीही अनेक ठिकाणी आहार कुणाला द्यायचा हे वजनकाटाच ठरवतो. बुटक्या मुलाचं वजन उंचीच्या मानाने ठीक असू शकतं; त्याला नुसत्या कॅलरी दिल्या तर तो जाड होईल, उंच नाही. उंची मोजणं जिकिरीचं काम आहे. दोन वर्षांखालच्या मुलाला फळीवर आडवं झोपवायचं, एकाने डोकं धरायचं, दुसऱ्याने गुडघे सरळ करून तळपायाशी पट्टी टेकवायची, आणि हे सगळं ते किंचाळत असताना. उभं करून मोजलं तर सुमारे पाऊण सेंटिमीटर कमी भरतं. वर्षाच्या मुलाची उंची ‘खुंटलेली’ ठरते ती त्या वयाच्या मधल्या (मध्यक) उंचीपेक्षा साधारण पाच सेंटिमीटर खाली गेली की, त्यामुळे एवढी चूकही कुणाला यादीत आणते, तर कुणाला बाहेर ठेवते.