वाडा (कोल्हापूर)

वाडा : कोल्हापूरच्या जुन्या पेठांतील चौकाभोवती बांधलेले, बहुधा दुमजली घर. शिवाजी, मंगळवार, शुक्रवार या पेठांत व महाद्वार रोडलगतच्या बोळांत असे वाडे आढळतात. संस्कृत ‘वाट’ (कुंपण घातलेली जागा) या शब्दापासून ‘वाडा’ आला, हे मत सामान्यतः मान्य आहे.

रचनेच्या उगमाविषयी मात्र एकमत नाही. काही अभ्यासक बृहत्संहिता या प्राचीन संस्कृत ग्रंथातील चतुःशाल गृहाशी (चौकाच्या चारही बाजूंना दालने असलेल्या घराशी) त्याचा संबंध जोडतात. काही पेशवाईत रूढ झालेल्या मोगल, राजस्थानी व गुजराती घटकांवर भर देतात. कोल्हापुरातील ब्रह्मपुरी टेकडीवर पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया व मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये केलेल्या उत्खननात सातवाहनकालीन विटांची घरे मिळाली. त्यांच्या आधारे वाड्याची स्थानिक परंपरा थेट तेथवर नेणे म्हणजे मधली कित्येक शतके ओलांडणे होय. चौकाची कल्पना प्राचीन, तर महिरपी (कमानी) आणि सुरुदार (सुरूच्या झाडासारखे निमुळते) खांब नंतरचे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. करवीर (कोल्हापूर) राज्याची राजधानी १७८२ च्या सुमारास पन्हाळ्याहून येथे आली. आज उभे असलेले बहुतेक वाडे त्यानंतरचे असावेत.

काळ्या दगडाचे जोते, त्यावर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा आणि मध्ये विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या भिंती. पुढे सोपा (ओसरी), मग माजघर (मधली खोली), मागे परडे (परसू). मजल्याचा भार मुख्यतः सांगाड्यावर असतो. जीर्णोद्धारात नेमके याकडेच दुर्लक्ष होते. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला की ओल आत कोंडते आणि भिंतीत शिरलेली तुळयांची टोके कुजू लागतात. दर्शनी भाग नवा दिसत असतानाच घर आतून खचते. चुन्याच्या गिलाव्यातून ही ओल बाहेर पडते. तुळईचे टोक कुजले असल्यास तेवढेच कापून नव्या सागाचा सांधा देता येतो. सबंध तुळई काढण्याची गरज नसते. २०१९ व २०२१ च्या महापुरांत नदीकडील वस्तीत पाणी शिरले, तेथे सिमेंट व चुन्याच्या गिलाव्यांतला हा भेद अधिकच महत्त्वाचा ठरतो.

बाजाराच्या रस्त्यांवर सोप्यात दुकान व माडीवर बिऱ्हाड ही जुनी रीत; नव्याने दुरुस्त झालेल्या काही वाड्यांत खाणावळी व निवासाच्या खोल्या आल्या आहेत. उपयोग बदलल्याने वाडा बिघडत नाही. चौकावर पत्रा घातला, तर मात्र माजघरातला उजेड आणि वारा दोन्ही जातात.