‘आणि त्यांच्याकडे एक प्लॅन आहे’: बॅटलस्टार गॅलॅक्टिकाच्या शेवटावरून अजून भांडणं का होतात

बॅटलस्टार गॅलॅक्टिका या अमेरिकन सायन्स-फिक्शन सिरीजचं नाव निघालं की दहा मिनिटांत गाडी शेवटच्या एपिसोडवर येते. एक जण म्हणतो मी रडलो, दुसरा म्हणतो माझी चार वर्षं फुकट गेली, तिसरा म्हणतो ‘देवाने केलं’ हे काय उत्तर झालं का, आणि मग रात्रीचे दोन वाजतात. सिरीज संपली २० मार्च २००९ ला. तेव्हा जन्मलेली पोरं आता गाड्या चालवतात, तरी हा वाद काही मिटत नाही. त्याचं मूळ लोक शेवटच्या एपिसोडमध्येच शोधतात, मला ते बरंच आधी, सुरुवातीच्या पाटीवरच्या एका ओळीत दिसतं. पण ओळीकडे येण्याआधी थोडं मागचं. गोष्ट थोडक्यात अशी: माणसानेच बनवलेले यंत्रमानव, म्हणजे सायलॉन, माणसांच्या वसाहती उद्ध्वस्त करतात, आणि वाचलेली माणसं गॅलॅक्टिका या लढाऊ जहाजाच्या आधाराने पृथ्वी शोधत अवकाशात पळत राहतात; काही सायलॉन हुबेहूब माणसांसारखे दिसतात, त्यांची बारा मॉडेलं आहेत आणि प्रत्येकाच्या अनेक प्रती.

जुनी सिरीज १९७८ ची, एका सिझनमध्ये आटोपली, मग १९८० मध्ये दहा एपिसोडचं एक शेपूट आलं ज्याच्याबद्दल जुने फॅन पण फारसं बोलत नाहीत. नंतर वीसेक वर्षं नुसत्या अफवा. त्या काळात जुन्या अपोलोने, म्हणजे त्या पायलटचं काम केलेल्या नटाने, स्वतःच्या खिशातून पैसे घालून एक ट्रेलर बनवला, गोष्ट पुढे चालू ठेवा म्हणून मोहीम चालवली, आणि लोकांच्या मनात पक्कं बसलं की परत येईल ती हीच गॅलॅक्टिका, हीच माणसं, वय झालेली. डिसेंबर २००३ मध्ये आली ती मिनीसिरीज, आणि तिच्यात स्टारबक, जुन्या सिरीजमधला पुरुष पायलट, बाई होती.

इथे एक शब्द फार गाजला, ‘री-इमॅजिनिंग’. रिमेक म्हणावं तर गोष्ट बदललेली, सीक्वल म्हणावं तर काही पुढे चाललेलं नाही, म्हणून हा शब्द. जुन्या फॅन्सना तो शुद्ध पळवाट वाटला, त्यांनी उलट ‘गिनो’ असं नाव पाडलं, म्हणजे नावापुरती गॅलॅक्टिका. त्यांच्या एका मेळाव्यात नव्याची झलक दाखवली तर हुर्यो उडाली. नव्या अडामाने, म्हणजे गॅलॅक्टिकाच्या कमांडरचं काम करणाऱ्या नटाने, तर सरळ सांगून टाकलं की जुनी आवडत असेल तर ही बघूच नका (प्रमोशनची ही पद्धत मी दुसरीकडे कुठे बघितली नाही). जुन्या स्टारबकने २००४ मध्ये जाहीर लेख लिहून बाईला स्टारबक केल्याबद्दल खूप आगपाखड केली, आज तो लेख वाचताना आपल्यालाच लाजल्यासारखं होतं. जुना अपोलो मात्र शहाणा निघाला, आधी विरोध केला आणि मग पहिल्याच सिझनमध्ये टॉम झॅरेक नावाचं पात्र बनून आत शिरला.

म्हणजे ही सिरीज पहिल्या दिवसापासून ‘तुम्ही आमचा विश्वासघात केला’ हे ऐकतच मोठी झाली. २००५ उजाडेपर्यंत तो आवाज बसला, कारण ‘३३’ हा पहिला एपिसोड. दर तेहतीस मिनिटांनी सायलॉन येणार, पाच दिवस कोणी झोपलेलं नाही, दाढ्या वाढलेल्या, आणि राष्ट्राध्यक्ष रॉसलिनच्या मागच्या पांढऱ्या बोर्डवर जिवंत माणसांचा आकडा मार्करने लिहिलेला. एपिसोडच्या शेवटी ती एक खोडते आणि एक वाढवते, एक मूल जन्माला आलंय, ४७,९७३. एवढंच. हे बघून ज्याच्या पोटात काही हललं नाही त्याने पुढे बघितलीच नसणार. त्या एपिसोडला ह्यूगो हे सायन्स-फिक्शनचं मोठं पारितोषिक मिळालं. ब्रिटनमध्ये सिरीज ऑक्टोबर २००४ ला सुरू झाली आणि अमेरिकेत जानेवारी २००५ ला, त्यामुळे मधल्या काळात अमेरिकन लोकांनी काय केलं असेल ते आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

आपल्याकडच्यांना एक जादा धक्का होता तो टायटल म्युझिकचा. त्यात चक्क गायत्री मंत्र आहे, एक बाई संथ, जवळजवळ शोकगीतासारखा म्हणते आणि मग ढोल सुरू होतात. मी रविवारी सकाळी हार्ड डिस्कवरून लावली होती तर आई स्वयंपाकघरातून खूश होऊन म्हणाली, चला, सुधारलास की रे. बाहेर येऊन बघते तर अणुबॉम्ब फुटतायत.

तर आता ती ओळ. सुरुवातीला पाट्या येत, सायलॉनांना माणसाने बनवलं, त्यांनी बंड केलं, ते उत्क्रांत झाले, त्यांच्या अनेक प्रती आहेत, आणि शेवटची पाटी, आणि त्यांच्याकडे एक प्लॅन आहे. आठवड्यामागून आठवडे, सिझनमागून सिझन लोकांनी हे वाचलं. आता मला सांगा, कोणी दर आठवड्याला तुमच्या दारात येऊन ‘माझ्याकडे प्लॅन आहे’ म्हणून जात असेल तर चार वर्षांनी तुम्ही प्लॅन मागणार की नाही? लोकांनी वह्या भरल्या. कुठल्या मॉडेलला कुठला नंबर, सहा ही सिक्स, आठ ही शॅरन, मग सात कोण, बाल्टार या शास्त्रज्ञाला डोक्यात दिसणारी बाई चिप आहे की वेड आहे की आणखी काही. आणि निर्मात्यांनी नंतर कबूल केलं की असा काही प्लॅन ठरलेला नव्हता, ओळ ऐकायला जबरदस्त वाटत होती म्हणून ठेवली.

यावर दोन तट पडतात. एक तट म्हणतो की टीव्हीवर असंच असतं, लेखक दर सिझनला रस्ता शोधत जातात आणि ही सिरीज त्यामुळेच जिवंत वाटली. हे खरं आहे, मी नाकारत नाही. तिसऱ्या सिझनच्या शेवटी, मार्च २००७ मध्ये, चार जणांना भिंतीतून गाणं ऐकू यायला लागतं आणि ते एका खोलीत जमतात आणि कळतं की हे चौघं सायलॉन आहेत. हे चौघं कोण ते त्या सिझनची अखेर लिहिताना ठरलं होतं, कोण निघाला तर सगळ्यात जास्त मजा येईल या हिशेबाने. आणि टाय, अडामाचा उजवा हात, निघाला! ज्याचा एक डोळा सायलॉनांनी काढला, ज्याने शत्रूला माहिती दिली म्हणून स्वतःच्या बायकोला स्वतःच्या हाताने विष पाजलं, तो टाय. प्लॅन करून हे इतकं चांगलं जमलं असतं का, मला शंका आहे.

पण दुसऱ्या तटाचं म्हणणंही बिनबुडाचं नाही, कारण बिल नंतर येतंच. त्या चौघांतला टिरॉल सायलॉन निघाला म्हणजे त्याचं मूल अर्धं सायलॉन झालं, पण माणूस आणि सायलॉन यांचं मूल म्हणून हेराच तर एकमेव हवी होती, मग २००९ मध्ये घाईघाईत सांगितलं की ते मूल टिरॉलचं नाहीच, एका पायलटचं. बिचाऱ्या कॅलीला, टिरॉलच्या बायकोला, मेल्यावर बदनाम केलं. सात नंबर राहिला होता, तर फेब्रुवारी २००९ मध्ये कळलं की डॅनियल नावाचं एक मॉडेल होतं, ते मारलं गेलं. लोक लगेच कामाला लागले, डॅनियल म्हणजे नक्की स्टारबकचा बाप, धागे जुळले, पुरावे निघाले, शेवटी निर्मात्याला पॉडकास्टमध्ये सांगावं लागलं की नाही बाबांनो, असं काही नाही. आता यात चूक प्रेक्षकांची कशी? तुम्हीच तर कोडं सोडवायची सवय लावलीत.

ताण वाढायला आणखी एक गोष्ट कारण झाली, ती म्हणजे संप. लेखकांचा संप नोव्हेंबर २००७ ते फेब्रुवारी २००८. शूटिंग व्हँकुव्हरमध्ये थांबलं ते नेमकं पृथ्वी सापडते आणि जळून राख झालेली असते त्याच्या आसपास, आणि सेटवर काहींना वाटलं होतं की आता इथेच संपलं. प्रेक्षकांनी तिसऱ्या सिझननंतर वर्षभर वाट बघितली होतीच, वर चौथा सिझन अर्धा करून जून २००८ ते जानेवारी २००९ असे आणखी सात महिने टांगून ठेवलं. एवढ्या वेळात माणूस स्वतःचा शेवट स्वतःच लिहून मोकळा होतो आणि मग खरा आला की तो परका वाटतो.

आणि खरा कसा आला ते माहितीच आहे. सगळी जहाजं सूर्यात, ३८,००० माणसं दुसऱ्याच एका हिरव्यागार पृथ्वीवर, औषधं नाहीत, यंत्रं नाहीत, स्टारबक बोलता बोलता गायब, आणि दीड लाख वर्षांनंतरचं न्यूयॉर्क. अडामाच्या मुलाने, लीने, ‘सगळं सोडून देऊ’ म्हटल्यावर एक पण डॉक्टर उठून म्हणत नाही की अहो बाळंतपणं कशी करायची, हे मला आजही खटकतं. पण ‘शेवटी अचानक देव आणला’ हा आरोप मला पटत नाही. देव मिनीसिरीजपासून आहे, सिक्स पहिल्या दिवसापासून देव देव करतेय, धर्मग्रंथातली पायथियाची भविष्यवाणी, अपोलोचा बाण, अथेनाची कबर, सगळं समोर होतं. आपण ते ‘नंतर काहीतरी सायंटिफिक निघेल’ म्हणून बाजूला ठेवत गेलो, कारण पाटीवर प्लॅन लिहिलं होतं आणि प्लॅन म्हटलं की आपल्या डोक्यात नकाशा येतो.

गंमत म्हणजे चौथ्या सिझनला ती पाटी काढून टाकली होती. तिच्या जागी बारा मॉडेल, सात माहीत, चार लपलेले, एक उघड होणार असा हिशेब आला. फार कमी लोकांनी ते तेव्हा टिपलं. आणि सिरीज संपल्यावर, २००९ च्याच ऑक्टोबरमध्ये, ‘द प्लॅन’ नावाचा आख्खा टीव्ही-सिनेमा काढला, त्यात प्लॅन काय निघाला तर सगळ्यांना मारायचं. ही तर वरात गेल्यावर घोडं आणण्यातली गत.

नंतरच्या मतांवर नंतरच्या सिरीजांची सावली आहे. २०१० मध्ये बेटावरची ती दुसरी कोडेवाली सिरीज, ‘लॉस्ट’, संपली आणि लोकांच्या रागाला नवा पत्ता मिळाला. एका नामवंत कादंबरीकाराने गॅलॅक्टिकाच्या शेवटाला तेव्हा जाहीर नावं ठेवली होती, २०१९ मध्ये त्याच्याच पुस्तकांवरून बनलेली ड्रॅगनवाली सिरीज, ‘गेम ऑफ थ्रोन्स’, संपली तेव्हा जगाने काय केलं ते आपण बघितलंच. त्यानंतर गॅलॅक्टिकाकडे लोक जरा मायेने बघायला लागले, असं माझं निरीक्षण आहे.

आणि बघायची पद्धतच बदलली. माझ्या मामेबहिणीने मागच्या वर्षी सगळी सिरीज तीन आठवड्यांत संपवली, दर एपिसोडला सुरुवातीचं सगळं स्किप करून. तिला शेवट खूप आवडला, अडामा रॉसलिनच्या कबरीशेजारी बसून घर कुठे बांधणार ते सांगतो तिथे ती हमसून रडली. मी विचारलं, आणि प्लॅनचं काय?

म्हणाली, कसला प्लॅन?