फॉस्फेट पाण्यात दिसतं, मुरतं दगडात

मराठवाड्यात काहीही बिघडलं की पहिला संशय पाण्यावर जातो. त्यात आपली तरी काय चूक? बोअरचं पाणी जड, नळाचं पाणी आठवडाभर टाकीत साठवलेलं, आणि मे महिन्यात टँकरचं. त्यामुळे संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडात घरात खाऱ्या पाण्याची रीफ टाकी, म्हणजे मासे आणि जिवंत प्रवाळांची टाकी, ठेवणाऱ्याच्या काचेवर हिरवं शेवाळ चढलं आणि टेस्टमध्ये फॉस्फेट (फॉस्फरस आणि ऑक्सिजनचं संयुग) ०.४ पीपीएम, म्हणजे लिटरमागे ०.४ मिलिग्रॅम, निघालं, की तो आधी आरओच्या नावानं खडे फोडतो. पाणी अगदीच निर्दोष असतं असं नाही. पण हिशेब मांडून बघा.

समजा टाकी २०० लिटरची आहे. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात, वरून पंखा सोडलेला असेल तर, दिवसाला ४ लिटर पाणी सहज उडतं. उडतं ते नुसतं पाणी. त्यातलं बाकी सगळं टाकीतच राहतं. भर घालायच्या पाण्यात ०.१ पीपीएम फॉस्फेट असेल तर रोज ०.४ मिलिग्रॅम आत जातं. एप्रिल-मे मिळून टाकीची पातळी ०.१२ पीपीएमनं वाढते. ही वाढ काही थोडी नाही. आता खाद्य बघा. माशांच्या कोरड्या खाद्यात साधारण १ टक्का फॉस्फरस असतो. म्हणजे १ ग्रॅम खाद्यात १० मिलिग्रॅम फॉस्फरस, आणि फॉस्फेटच्या भाषेत ३० मिलिग्रॅम. थोडा भाग माशाच्या अंगी लागतो, बाकीचा मलमूत्रातून आणि कुजलेल्या कणांतून पाण्यात येतो. जे पाण्यानं दोन महिन्यांत आणलं, त्याहून जास्त एका ग्रॅम खाद्यातून आत गेलं.

बोअरबद्दल एक गैरसमज आहे, तोही इथंच काढून टाकू. शेतात एवढा डीएपी पडतो, तो झिरपून बोअरमध्ये उतरत असेल, असं लोकांना वाटतं. खाली उतरतं ते नत्र. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात वरच अडकून बसतं. पिकालासुद्धा पुरतं मिळत नाही, म्हणून तर स्फुरद विरघळवणारे जिवाणू बियाण्याला चोळतात. बेसॉल्टच्या खडकातून आलेल्या बोअरच्या पाण्यात खरं मुबलक असतं ते सिलिका. काचेवर तपकिरी, बोटानं पुसली जाणारी भुकटी धरली तर ते डायटम, म्हणजे सिलिकाचं कवच असलेलं सूक्ष्म शेवाळ, आहेत, आणि त्यांचा संबंध फॉस्फेटपेक्षा सिलिकाशी जास्त. स्वयंपाकघरातला आरओ वापरत असाल तर त्याचा टीडीएस कंट्रोलर मात्र तपासा. चवीसाठी तो थोडं कच्चं पाणी गाळलेल्या पाण्यात परत मिसळतो. पिण्यासाठी ठीक आहे, रीफसाठी नाही.

फॉस्फेट वाढलं तर बिघडतं काय? शेवाळ वाढतं हे डोळ्यांना दिसतं. न दिसणारं नुकसान असं, की कॅल्शियम कार्बोनेटच्या वाढत्या स्फटिकावर फॉस्फेट चिकटतं आणि पुढचा थर बसू देत नाही. दगडी प्रवाळाचा सांगाडा याच कॅल्शियम कार्बोनेटचा. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफमधल्या वन ट्री बेटावर नायट्रोजन आणि फॉस्फेट मुद्दाम वाढवून प्रयोग झाला. १९७९ साली त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा चुना साठण्याचा वेग निम्म्याहून जास्त घटलेला दिसला.

मोजताना एक घोळ हमखास होतो. हातात मावणारे काही डिजिटल कलरीमीटर फॉस्फेट दाखवत नाहीत, फॉस्फरस दाखवतात, तोही पीपीबीमध्ये, म्हणजे पीपीएमच्या हजाराव्या भागात. पडद्यावर ३० आलं तर त्याला ३.०७ नं गुणायचं आणि १००० नं भागायचं, उत्तर ०.०९ पीपीएम फॉस्फेट. आकडा तसाच धरून कुणी घाबरतं, कुणी निर्धास्त होतं. कुपीवर बोटाचा ठसा किंवा आत बुडबुडा असला तरी एवढ्या बारीक मापात फरक पडतो. आणखी एक गोष्ट: काचेवर शेवाळाचं रान आणि टेस्टमध्ये फॉस्फेट शून्य, असंही होतं. पाण्यातलं फॉस्फेट शेवाळानंच खाल्लेलं असतं.

शोध घ्यायचा तर सुटं सुटं मोजा. आरओचं पाणी वेगळं, नवं कालवलेलं खारं पाणी वेगळं, टाकीचं वेगळं. पहिली दोन स्वच्छ निघाली तर वाट खाद्याकडे आणि टाकीत रचलेल्या दगडाकडे जाते. फिल्टरमधला कार्बनही बघा. काही कार्बन फॉस्फोरिक आम्लानं तयार करतात आणि तो फॉस्फेट सोडत राहतो. नवा कार्बन आरओच्या पाण्यात रात्रभर भिजवून ते पाणी तपासलं की कळतं.

आणि दगड. परभणीतल्या एका ओळखीच्यांच्या टाकीत हेच झालं. फॉस्फेट धरून ठेवणारा लोहयुक्त दाणेदार मीडिया, म्हणजे जीएफओ, फिल्टरमध्ये लावला की आकडा खाली यायचा; मीडिया काढला की काही दिवसांत जवळपास होता तिथं. दुकानदार म्हणाला, "सर, मीडिया डुप्लिकेट असेल." मीडिया चांगला होता. जुन्या टाकीतून आणलेला त्यांचा दगड वर्षानुवर्षं फॉस्फेट पिऊन बसला होता. काळ्या रानात चुनखडी जे करते तेच इथं चालतं, कारण रीफचा खडक आणि वाळू म्हणजे बहुतेक अ‍ॅरागोनाइट, कॅल्शियम कार्बोनेटचंच एक रूप. फ्रँक मिलेरो आणि सहकाऱ्यांनी २००१ साली मोजून दाखवलं, की समुद्राच्या पाण्यात अ‍ॅरागोनाइट हा कॅल्साइटपेक्षाही जास्त फॉस्फेट धरतो. धरणं आणि सोडणं दोन्ही चालू असतं. पाण्यातलं कमी केलं की दगड आपल्यातलं सोडतो. म्हणून एकदा पाणी बदलून काही साधत नाही. दगडाची परीक्षा सोपी आहे: एक तुकडा बादलीत, स्वच्छ नव्या खाऱ्या पाण्यात, छोटा पंप लावून काही दिवस ठेवा आणि मोजा.

उपायांत पहिला क्रम खाद्याचा. दोन मिनिटांत संपेल एवढंच टाका. गोठवलेलं खाद्य धुऊन घेण्यावर लोक फार भर देतात. धुवा, पण फॉस्फरस मुख्यतः त्या मांसातच असतो. मग स्किमर, म्हणजे फेसासोबत घाण बाहेर काढणारं यंत्र, आणि संपमध्ये, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत, कीटोमॉर्फा शेवाळ. ते वाढेल तसं काढून टाकलं की त्याच्यासोबत फॉस्फेटही बाहेर जातं. जीएफओ आधी खळखळून धुवा आणि थोड्या प्रमाणात सुरू करा. पाण्यातलं फॉस्फेट गाळ करून खाली बसवणारं लँथनम क्लोराइड सगळ्यांत जोरकस, आणि माझ्या मते नवख्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये: त्यानं तयार होणारा बारीक गाळ माशांच्या कल्ल्यांत बसतो. वापरायचंच तर थेंबाथेंबानं, १० मायक्रॉनच्या पिशवीतून गाळत.

घाई नडते ती इथं. ०.४ वरून दोन दिवसांत शून्यावर आणलं तर प्रवाळांचं मांस सांगाड्यावरून सुटू लागतं. शून्य हे ध्येयच नाही. साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं आहे, की नायट्रोजन भरपूर आणि फॉस्फेटची उपासमार अशी स्थिती झाली तर प्रवाळ उष्णतेत लवकर पांढरे पडतात. लोडशेडिंगमध्ये पाणी थंड ठेवणारा चिलर बंद पडणाऱ्या गावात हे विसरून चालणार नाही. शिवाय नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही संपलेल्या टाकीत डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांची तपकिरी, बुडबुड्यांची शेंबडी तार धरते, आणि ती घालवणं साध्या शेवाळापेक्षा कितीतरी अवघड. ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या दरम्यान टाकी ठेवा, उतरायला काही आठवडे द्या, दर आठवड्याला एकाच वेळी, खाद्य घालण्याआधी मोजा. दगड भरलेला असेल तर मीडिया महिनोन्‌महिने बदलत राहावा लागेल, तेव्हा खर्चाचा अंदाज आधीच काढून ठेवा.