पिवळ्या कार्डामागचा हिशेब

नंदुरबार असो की जळगाव, ग्रामसभेत घरकुलाची यादी वाचायला घेतली की आवाज उठतोच, "त्याचं नाव आहे, मग माझं का नाही?" ग्रामसेवक बिचारा वरून आलेला कागद दाखवतो. गरीब कोण हे ठरवणाऱ्या त्या कागदाची गोष्ट जुनी आहे.

सुरुवात पोटापासून झाली. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी रोजचे २२५० उष्मांक धरून, १९६०-६१ च्या किमतींत, खेड्यासाठी महिना १५ रुपये खर्चाची रेषा मांडली. १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या अलघ गटाने ग्रामीण भागासाठी २४०० उष्मांक धरले. पण अशा रेषेवरून राज्यात गरीब किती हे कळतं, गावातलं नेमकं कोणतं घर गरीब हे कळत नाही. त्यासाठी दारोदार फिरावं लागलं. १९९२ च्या पाहणीत वार्षिक ११,००० रुपये उत्पन्नाची अट होती. १९९७ मध्ये पंखा, टीव्ही, पक्कं घर असणारे आधीच वगळले. अधेमधे, १९९९ मध्ये, महाराष्ट्रात तिरंगी रेशनकार्डं आली आणि 'पिवळं कार्ड' हीच गरिबाची ओळख झाली.

सगळ्यात वादाची पाहणी २००२ ची. तेरा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ५२. गुण जितके कमी, तितकं घर गरीब. माणशी दोनपेक्षा कमी कपडे असतील तर शून्य, दहा किंवा जास्त असतील तर चार. जमिनीच्या प्रश्नात फक्त क्षेत्र आणि ओलित-कोरडवाहू. म्हणजे धडगावच्या उतारावरची दगडगोट्यांची कोरडवाहू जमीन आणि तापीकाठची काळी कोरडवाहू जमीन एकाच तराजूत. सातबारा नसलेल्या वनजमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या पिकवणारा मात्र कागदावर भूमिहीन. स्थलांतराचाही प्रश्न होता, पण दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या घराला कुलूप असेल तर तो विचारणार कोणाला?

सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं घ्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याचं साल ठरतं. मोठी रक्कम उचल म्हणून आधीच हाती येते आणि लग्नात नाहीतर जुन्या देण्यात जाते. खर्च मोजणाऱ्या पाहण्यांतल्या 'गेल्या तीस दिवसांत खर्च किती?' याचं उत्तर तो कोणत्या महिन्याचं देणार? त्यात २००२ च्या पाहणीत गरिबांची संख्या नियोजन आयोगाच्या १९९९-२००० च्या अंदाजाला धरून ठेवा, फार तर दहा टक्के वर, असं राज्यांना आधीच सांगितलेलं. आकडा ठरल्यावर गरीब शोधायचे, हा उफराटा कारभार होता.

खर्च सोडून थेट गरजा मोजायचा विचार बाहेर आधीच रुजला होता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७६ मध्ये मूलभूत गरजांचा मुद्दा पुढे आणला. अर्जेंटिनाने १९८४ मध्ये जनगणनेच्या माहितीवरून न भागलेल्या गरजांचा नकाशा काढला. आपल्याकडे त्या वळणाची मोजणी २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेत आली. एका खोलीचं कच्चं घर, पंचवीस वर्षांवरील कोणी साक्षर नाही, अशा सात वंचितता त्यात होत्या. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान मोजणाऱ्या नीती आयोगाच्या २०२१ च्या बहुआयामी गरिबी निर्देशांकात नंदुरबार जिल्ह्यातले निम्म्याहून जास्त लोक गरीब निघाले. राज्यात सर्वाधिक.

२०११ च्या मोजणीत दुचाकी असेल तर घर थेट बाद. सातपुड्यात जिथे एसटी पोचत नाही, तिथे बाळंतिणीला दवाखान्यात न्यायलाही मोटारसायकलच लागते. ती चैन कशी ठरली, हे मोजणाऱ्यांनाच ठाऊक. घरकुलापुरती ही अट २०२४ मध्ये सुटली. तीनचाकी-चारचाकीची अजून आहे.