गिरकीचं बळ पायांखालून येतं

बचाता या जोडीने करायच्या नाचाची सेन्शुअल शैली शिकणाऱ्यांमध्ये एक समज घट्ट बसला आहे: लीड करणाऱ्याने हात डोक्यावर नेऊन गोल फिरवला की जोडीदार फिरतो. गिरकी अडखळली की मग हात आणखी जोरात फिरवला जातो आणि जोडीदार फिरायच्या ऐवजी कलंडतो. हे का होतं, ते शाळेतल्या आघूर्णाच्या, म्हणजे बल किती फिरवतं याच्या, गणितातच आहे.

बल अक्षापासून जितकं लांब लागेल तितकं ते जास्त फिरवतं; बिजागरीपाशी ढकललेलं दार हलता हलत नाही, ते यामुळेच. गिरकीचा अक्ष चवड्यापासून माथ्यापर्यंत उभा असतो आणि वर धरलेला हात जवळपास त्या अक्षावरच येतो. समजा, तो 10 सेंटीमीटर बाजूला सरकला आणि तिथे 20 न्यूटन आडवं बल लावलं. फिरवणारं आघूर्ण मिळतं 2 न्यूटन-मीटर. पण हात जमिनीपासून 2 मीटर उंचावर आहे. तेच बल शरीराला 40 न्यूटन-मीटरने पाडायला बघतं. फिरवण्यापेक्षा पाडणं 20 पट!

आता फिरणाऱ्या जोडीदाराचे पाय बघा. पावलांत 30 सेंटीमीटर अंतर. एक पाऊल जमिनीला पुढे रेटतंय, दुसरं मागे, प्रत्येकी 60 न्यूटनने. घर्षणामुळे जमीन उलट रेटते आणि 18 न्यूटन-मीटर आघूर्ण मिळतं. दोन्ही बलं समान आणि विरुद्ध, त्यामुळे शरीर कुठेच ढकललं जात नाही. बलयुग्माचं, म्हणजे अशा बलांच्या जोडीचं, इतकं देखणं उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही.

म्हणून सगळी मेहनत गिरकीच्या आधी. चौथ्या ठोक्याच्या टॅपवर, म्हणजे वजन न टाकता पाऊल नुसतं टेकवतात तिथे, पाठीवरच्या हाताने जोडीदाराच्या धडाला किंचित उलटा पीळ द्यायचा. पुढच्या ‘एक’ला पाऊल पडताना दोन्ही पावलं क्षणभर जमिनीवर असतात, तिथेच पीळ सुटतो. लगेच जोडीदाराने टाच उचलून चवड्यावर यायचं, पाय आणि मोकळा हात जवळ घ्यायचे. हाताचं अक्षापासूनचं अंतर निम्मं झालं की त्याचं जडत्व आघूर्ण, म्हणजे फिरण्याला होणारा विरोध, चौथाई होतं आणि वेग वाढतो. वरचा हात फक्त दिशा सांगतो. बोटांची पकड सैल हवी.

‘दोघांची ऊर्जा जुळली की गिरकी आपोआप लागते’ असं छातीठोकपणे सांगितलं जातं. अशी कुठलीही गूढ ऊर्जा नसते. पीळ वेळेवर पोहोचला की नाही, एवढंच असतं.

सेन्शुअल शैलीत आणखी एक अडचण येते. मान गोल फिरवून झाली की लगेच गिरकी येते. शरीर फिरत असताना डोकं कललं किंवा कललेलं डोकं सरळ झालं, तर अंतर्कर्णातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव मेंदूला भलत्याच दिशेच्या फिरण्याची खबर देतो आणि भोवळ येते. तेव्हा जोडीदाराचं डोकं सरळ होईपर्यंत एक ठोका थांबावं, मगच पीळ द्यावा.