पुंगळी काढणारा मोटारीचाही आवाज वाढवतो का?

बुलेटच्या सायलेन्सरमधली पुंगळी काढून गल्ली दणाणून सोडणारा माणूस आपल्या मोटारीचा किंवा ट्रकचाही आवाज वाढवून घेत असेल का? प्रश्न स्वभावाचा वाटतो, पण त्याचे बरेचसे उत्तर इंजिनात आहे.

स्वभावाचा धागा खरा आहे. कॅनडातील वेस्टर्न विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ ज्युली एटकेन शर्मर यांनी 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 529 विद्यार्थ्यांना मोठ्या आवाजाच्या मोटारींविषयी विचारले. ही आवड पुरुषांमध्ये, तसेच इतरांच्या भावनांविषयी बेफिकीर असणाऱ्यांमध्ये आणि दुसऱ्याच्या त्रासात आनंद मानणाऱ्यांमध्ये अधिक आढळली. मात्र हे प्रश्न मोटारींविषयीचे होते, आणि आवाज आवडणे व सायलेन्सर प्रत्यक्ष बदलून घेणे यांत बरेच अंतर आहे.

ते अंतर दुचाकीवर सर्वांत कमी असते. बुलेटच्या एका सिलिंडरमध्ये इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांना एकदा इंधन जळते, म्हणजे मिनिटाला 3000 फेऱ्या होत असताना सेकंदाला 25 स्फोट होतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच दाबाखालचा गरम वायू नळीत घुसतो आणि प्रत्येक ठोका कानाला जवळजवळ सुटा जाणवतो. पुंगळी म्हणजे सायलेन्सरच्या आतली छिद्रांची नळी. ती वायूची वाट अडवून, त्याला कप्प्यांतून फिरवून दाबाची लाट बोथट करते. हा सायलेन्सर उघड्यावर, मोजक्या नटबोल्टांवर टांगलेला असतो, त्यामुळे तो बदलणे हे गॅरेजमधले किरकोळ काम ठरते. चालू गाडीत किल्ली क्षणभर बंद करून पुन्हा सुरू केली, की न जळलेले पेट्रोल तापलेल्या नळीत पेटते आणि तो कुप्रसिद्ध ‘फटाका’ फुटतो.

चार सिलिंडरच्या मोटारीत तितक्याच फेऱ्यांना सेकंदाला 100 स्फोट होतात. ठोके एकमेकांत मिसळून त्यांचा सलग घुमारा होतो, आणि वायूला गाडीखालच्या लांब नळीतून, धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक व सायलेन्सर ओलांडून मागे यावे लागते. आवाज वाढवायचा तर बहुधा गाडी वर उचलून नळी कापावी आणि वेल्डिंग करावे लागते. डिझेल ट्रकमध्ये तर टर्बोचार्जरचे, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूवर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या यंत्राचे, पातेच वायूची ऊर्जा काढून घेते आणि लाटा मोडते. नुसता सायलेन्सर काढून तिथे बुलेटसारखा ठोका मिळत नाही. महाराष्ट्रातल्या ट्रकांचा आवाज म्हणून आपल्याला आधी प्रेशर हॉर्न आठवतो, त्यामागे हेही एक कारण असावे.

म्हणून माझा कल असा, की आवड तीच असली तरी ती पुरवण्याचा खर्च आणि खटाटोप वाहनागणिक वाढत जातो, आणि बुलेटवाल्यांपैकी बरेच जण मोटारीपर्यंत पोहोचतच नाहीत.

नव्या वाहनांसाठीची आवाजाची भारतीय मर्यादाही दुचाकी आणि मोटार यांतला फरक दाखवते. 175 सीसीवरील मोटारसायकलला 80 डेसिबल, तर साध्या प्रवासी मोटारीला 74 डेसिबल चालतात. डेसिबलचे माप लॉगरिदमिक असल्याने, म्हणजे थोडे अंक वाढले तरी ऊर्जा पटींनी वाढत असल्याने, या सहा अंकांत ध्वनिऊर्जा सुमारे चौपट होते. म्हणजे कंपनीतून निघतानाच अशी दुचाकी मोटारीपेक्षा मोठ्याने बोलू शकते. दंड मात्र वाहन पाहून बदलत नाही: मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 नुसार आवाजाची मर्यादा मोडण्याच्या पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे बहुधा दुचाकींची असतात. नळी कापलेल्या मोटारी थांबवून त्यांच्याखाली वाकून पाहण्याचे कामही तितक्याच नेटाने व्हायला हवे.